चौदा किलोमीटर चालणारी गाडी

पुण्याहून अमरावतीला जाणारी माणसं बहुतेक चिखलदऱ्याला जातात, नाहीतर मोझरीला आश्रमात. मी फेब्रुवारीच्या अखेरीस पाच दिवसांची रजा टाकून गेले ती एक बंद पडणारी गाडी पाहायला. गाडी माझी नव्हती, पण आमच्या घरात तिचं नाव बावीस वर्षं निघत होतं.

मी पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग शिकवते. शाळा अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि ती पदवी बाबांच्या जिवावर मिळाली हे मी कधी विसरत नाही. बाबा अकोल्यात मोटारमिस्त्री होते, रोज बसनं जाऊन येऊन गॅरेज चालवायचे. मी दहावीत असताना तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांची गाडी त्यांच्याकडे आली. विलायती, दोन माणसांची, छत नसलेली, गडद हिरवी; तेव्हाच ती चाळीस वर्षांची होती. बाबांनी महिनाभर खपून तिचं इंजिन उतरवून चढवलं, पेट्रोलचा काटा मेलेला होता तोही जिवंत केला. गाडी परत गेली. पुढच्याच आठवड्यात डॉक्टर एका पाहुण्याला घेऊन अमरावतीला निघाले आणि मूर्तिजापूरजवळ गाडी बंद पडली. वीस मिनिटांनी आपोआप सुरू झाली, थोडी चालली, पुन्हा बंद. बाबा तीन वेळा जाऊन आले, पण दोष सापडला नाही. मग डॉक्टर आपल्या मित्रांत सांगू लागले, "त्या मिस्त्रीला गाडी खोलता येते, लावता येत नाही." अकोल्यात जुन्या गाड्या हौसेनं बाळगणारी माणसं मोजकी, आणि ती सगळी एकमेकांच्या ओळखीची. वर्षभरात गॅरेज बंद झालं. बाबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागले आणि त्यांनी पेट्रोलच्या गाडीला पुन्हा हात लावला नाही.

"गाडी म्या चांगली करून देली होती," एवढं एकच वाक्य ते म्हणायचे. मी ऑटोमोबाइल शाखा निवडली ती त्या वाक्यासाठी.

जानेवारीत जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर एक निरोप आला. अमरावतीच्या एक बाई विचारत होत्या: सासऱ्यांची जुनी गाडी आहे, दहा-पंधरा किलोमीटर चालली की बंद पडते, इतक्या मिस्त्रींनी पाहिली, कुणी मदत करील का? खाली फोटो होता. नंबरप्लेट वाचायच्या आधीच मी गाडी ओळखली. मी लिहिलं, "मी येते." त्या मिस्त्रीची मुलगी आहे हे लिहिलं नाही. बाबांचा दोष नव्हता हे हातात पुरावा घेऊन डॉक्टरांना दाखवायचं आणि मगच नाव सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

निघताना बाबांना फोन केला. ते आता अकोल्यात माझ्या धाकट्या भावाकडे असतात.

"कोनती गाडी?"

"तेच बाबा. डॉक्टरची."

मागचा टीव्हीचा आवाज बंद झाला. मग म्हणाले, "पाय मंग. पन एक सांगतो, टाकीच्या मांगं लागू नोको. टाकी म्या सोता खोलली होती. तथी काई नाई. फुकट दिवस जाईन तुया."

अमरावती

डॉक्टर आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. अकोला सोडून ते कधीच अमरावतीला मुलाकडे आले. कॅम्प भागातला बंगला चांगला ऐसपैस आहे, पण मी पोचले तेव्हा तो अर्धा रिकामा झाला होता. व्हरांड्यात खोकी रचलेली, भिंतींवर फोटो काढल्याचे फिकट चौकोन. सून अनघाताई म्हणाल्या, "घर विकलं. मिस्टर आधीच बंगलोरला गेलेत, आम्ही पुढच्या महिन्यात. तिथे चौदाव्या मजल्यावर फ्लॅट आहे. गाडी कुठे ठेवणार?" गाडी नागपूरचे एक गृहस्थ घेणार होते, रविवारी ट्रक घेऊन येणार होते. त्यांनी सांगितलं होतं की गाडी धड चालत असेल तर तशीच ठेवू, नाहीतर तिचे भाग काढून आमच्याकडच्या दुसऱ्या दोन गाड्यांना लावू. तो गुरुवार होता.

अनघाताईंनी आधी खायला बसवलं. अमरावतीचा गिला वडा पुण्याच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. वडा म्हणावा तर तो दह्यात बुडून मऊ झालेला, आणि वर चटणी अशी की दह्याचा काही उपयोग होऊ नये. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्यात पहिल्या वर्षी भाजीवाल्याकडे मी सांबार मागितला, तेव्हा त्यानं मला समोरच्या उडपी हॉटेलचा रस्ता दाखवला होता. इथे अनघाताई आतून ओरडल्या, "सांबार टाकू का वरून?" आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पण मी त्या घरी खोटेपणानं बसले होते.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"बार्शीटाकळीची."

"अरे वा, म्हणजे आपल्याच." पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

मागच्या शेडमध्ये जुन्या चादरीखाली गाडी होती. डॉक्टरांनी चादर स्वतः काढली, घडी घातली, काखेत धरून उभे राहिले. "मी दर रविवारी हिला सुरू करतो, गेटपर्यंत नेतो आणि मागे आणतो. गेटपर्यंत ही कधी बंद पडत नाही." ते गंभीरपणे सांगत होते. बावीस वर्षं गाडी रविवारी गेटपर्यंत जात होती.

किल्ली फिरवली की या गाडीच्या मागच्या अंगाला पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची टकटक ऐकू येते. पंप विजेवर चालतो. भरला की टकटक थांबते. मग इंजिन एका हाकेत सुरू झालं. आवाज इतका एकसारखा होता की मी बाजूला तोंड करून उभी राहिले. ते काम बाबांचं होतं. बावीस वर्षांनीही इंजिन तसं फिरत होतं.

बाबांनी मला कॉलेजच्या आधी शिकवलेलं पुस्तकात कुठे सापडलं नाही: आधी आग पाहायची, मग पेट्रोल. त्या दुपारी मी आग पाहिली. प्लग काढून ठिणगी पाहिली, कॉइल तासभर तापवून पुन्हा पाहिली, तारा हलवून पाहिल्या. ठिणगी दर वेळी जाड आणि निळी. आगीत दोष नव्हता.

मोर्शीचा रस्ता

शुक्रवारी सकाळी आम्ही मोर्शीच्या रस्त्याला लागलो. मी चालवत होते, डॉक्टर शेजारी टोपी घालून. फेब्रुवारी संपताना वऱ्हाड मोठं उदास दिसतं. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या काळ्या पडून उभ्या किंवा उपटून बांधावर रचलेल्या. तूर निघालेली, काळ्या मातीला हातभर भेगा. पुण्याकडे दोन डोंगरांमध्ये नजर अडते. इथे ती अडतच नाही, दूरवर जाते आणि काहीच न सापडून परत येते. मग संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. काही भरलेल्या, काही वाळलेल्या, पानं नसलेल्या फांद्यांना दोन-चार फळं तशीच लटकलेली.

चौदाव्या किलोमीटरला गाडीनं एक आचका दिला, मग दुसरा, आणि आवाज संपला. मी गाडी कडेला घेतली. तिथे झाडाखाली चार-पाच बाया संत्र्यांचे ढीग निवडत बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी उठून जवळ आली, कमरेवर हात ठेवून गाडीभोवती फिरली.

"काय वं माय, याले वरचं झाकन नाई?"

"नाही आजी, ही अशीच असते."

"अशीच असते! आन तू चालवून राहिली, मानूस बाजूले बसला?"

"ते मालक आहेत."

"मालकाले चालवता येत नाई, चालवनारीले चालू करता येत नाई," ती मागे वळून ओरडली, आणि सगळ्या हसल्या. मग तिनं पदराच्या ओट्यातून चार संत्री काढून डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. "खाय बाप्पा. बसाच लागते आता तुले."

आम्ही बसलो. संत्री खाल्ली. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली, पंप टकटकला, गाडी सुरू झाली. अकरा किलोमीटरवर पुन्हा बंद. परतीच्या वाटेवर आणखी दोनदा. शेवटच्या खेपेला ऊन चढलं होतं. डॉक्टर टोपीनं वारा घेत म्हणाले, "पूर्वी मी हिच्यात नागपूरला जाऊन संध्याकाळी परत यायचो. एका मिस्त्रीनं वाट लावली. त्यानंतर ही अशी झाली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. मी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

संध्याकाळी बाबांना फोन केला. पहिल्या घंटीलाच उचलला.

"नळीत पेट्रोलची वाफ धरून राहिली असन. नळी इंजिनजवळून जाते न?"

"नाई बाबा. वल्लं फडकं गुंडाळून पाह्यलं. तरी बंद."

"मंग टाकीचं झाकन. त्याले हवेचं भोक असते, ते बुजलं तं टाकी पेट्रोल सोडत नाई. उद्या झाकन ढिलं करून चालव."

"आन टाकीच्या आतमधे?"

"तुले सांगतलं न एक डाव!" आवाज चढला. मग उतरला. "जेवली का तू?"

शनिवारी सकाळी झाकण ढिलं करून गेले. गाडी चौदा किलोमीटरलाच थांबली. पण या वेळी मी लगेच खाली उतरून मागे कान लावला. किल्ली चालू होती आणि पंप गप्प होता. तो भरून गप्प झाला असता तर इंजिन थांबलं नसतं; म्हणजे तो ओढता ओढता अडकला होता, त्याला मागून पेट्रोल मिळत नव्हतं. टाकीकडची नळी सोडली, तोंडानं फुंकली. टाकीत बुडबुडे वाजले. नळी लावली, आणि गाडी तत्काळ सुरू झाली. म्हणजे आधीच्या प्रत्येक मिस्त्रीनं हेच केलं असणार. फुंकलं, सुरू झाली, साफ झालं म्हणून परत दिली. बाबांनीही कदाचित हेच केलं असेल. मला त्या रस्त्यावर उभ्या उभ्या कळलं की आता पाहायला एकच जागा उरली आहे, आणि एक अख्खा दिवस मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, कारण माझ्या वडिलांनी नको म्हटलं होतं. विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर मी गुण कापले असते.

बंगल्यावर येऊन टाकी रिकामी केली. वरच्या बाजूला पेट्रोल मोजणारा तरंगता गोळा बसवलेला असतो, पाच स्क्रूंवर. बाबांनी काटा दुरुस्त करताना तो काढला होता. स्क्रू सोडले, गोळा उचलला, बॅटरी लावून आत पाहिलं. काही दिसलं नाही. सायकलचा एक स्पोक मागवून त्याला टोकाशी आकडा केला आणि तळाशी, नळीच्या तोंडाजवळ चाचपत राहिले. कितीतरी वेळानं काहीतरी मऊ लागलं. ओढलं. भिजलेल्या उंदरासारखा तपकिरी गोळा भोकातून बाहेर आला, आणि त्याच्यामागून वीतभर दोरा.

कापसाचा बोळा होता.

तो कुणाचा, हे मला कुणी सांगायला नको होतं. पुण्यात गाडी उघडली की प्रत्येक तोंडाला रबरी बूच लावतात. अकोल्यात जिनिंगमधला टाकाऊ कापूस पोत्यानं मिळायचा, म्हणून तिथले मिस्त्री उघड्या तोंडात कापसाचा बोळा कोंबायचे, धूळ जाऊ नये म्हणून. बोळा आत राहून जाण्याची भीती असायची. त्यावर बाबांनी स्वतःची युक्ती काढली होती: प्रत्येक बोळ्याला पोतं शिवायचा जाड दोरा बांधायचा, दोऱ्याला तीन गाठी मारायच्या म्हणजे काळ्या-तेलकट बोटांनाही तो कळतो, आणि दुसरं टोक जवळच्या बोल्टला बांधायचं. अशी काळजी घेणारा दुसरा मिस्त्री मी अकोल्यात पाहिला नाही. शाळेला सुट्टी असली की असे पन्नास-पन्नास बोळे मी घरी बसून बांधून द्यायची.

माझ्या हातातल्या दोऱ्याला तीन गाठी होत्या. दुसरं टोक मोकळं होतं.

गाडी चालली की बोळा हळूहळू ओढला जाऊन नळीच्या तोंडावर बसायचा. गाडी थांबली, ओढ गेली, की सुटून तरंगायचा. बावीस वर्षं.

मी शेडमध्ये खालीच बसले. बोळा खिशात घालून गप्प राहिले असते तर जगात कुणालाही कळलं नसतं. तेवढ्यात डॉक्टरांच्या काठीचा आवाज आला.

"सापडलं काही?"

मी हात पुढे केला. "टाकीत कापसाचा बोळा होता. काम करताना राहून गेलेला."

डॉक्टर वाकून पाहत राहिले. "एवढंच?"

"एवढंच."

"त्या मिस्त्रीनंच ठेवला असणार," ते म्हणाले. मी मान हलवली. आता पुढचं वाक्य माझं होतं, मी ते तोंडात जुळवत होते. पण तेच बोलू लागले, "कोण बरं होता तो? अकोल्याचाच होता. उंच, चष्मेवाला... छे, तो रेडिओ दुरुस्त करायचा. नाव काय त्याचं..." ते खरंच आठवत होते, कपाळाला बोट लावून. मग त्यांनी हात झटकला. "गेलं डोक्यातून. फार वर्षं झाली."

मी सगळ्या तयारीनं आले होते. ते संतापले असते, हसले असते, "बघा, मी म्हणत होतो" म्हणाले असते, तर मी उभी राहून म्हटलं असतं की तो माझा बाप आहे. पण ज्याचं नाव आमच्या घरात बावीस वर्षं निघालं, त्याला आमचं नाव आठवतही नव्हतं. माझ्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं.

दुपारी आम्ही मोर्शीपर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही थांबली नाही. चौदावा किलोमीटर गेला तेव्हा डॉक्टरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मोर्शी येईपर्यंत परत घातली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यानं आलं असेल. गाडी चांगली झाली होती, आणि उद्या ती जाणार होती.

अकोला

त्याच संध्याकाळच्या बसनं अकोल्याला गेले. बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर बसले होते. भाऊ कामावर होता. भावजयीनं पाणी आणलं, पण ते हातात येण्याआधीच बाबांनी विचारलं, "काय निंगालं?"

मी पिशवीतून बोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी तो नाकाशी नेला, मग दोरा अंगठ्याखालून ओढत नेला. एक गाठ. दुसरी. तिसऱ्या गाठीवर अंगठा थांबला.

"कुठी होता?"

"टाकीत. नळीच्या तोंडाशी."

"मायाच हाय," ते म्हणाले.

भावजय स्वयंपाकघरात गेली. बाबा दोऱ्याचं मोकळं टोक चाचपत होते. "बोल्टले बांधला नसन म्या. नुसता सोडला असन."

"काहून बाबा?"

"आता काय सांगू बाई. आठवत नाई." दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "तीन डाव गेलो मी. कॉइल बदलला, पंप खोलला, नळ्या बदलल्या. टाकी सोडून सगळं पाह्यलं. टाकी तं म्या सोता लावली होती न." मग त्यांनी बोळा खाटेच्या काठावर ठेवला. "डॉक्टरले सांगतलं?"

"बोळा निंगाला म्हनून सांगतलं."

"कोनाचा, ते?"

"नाई."

"काहून?"

"लाज वाटली," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

"तुले काहून लाज? चूक मायी. तू तं शोधली." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बावीस वर्सं म्या त्या मानसाले शिव्या देल्या. तुया मायजवळ, तुमच्याजवळ, जिनातल्या पोट्ट्यायजवळ. त्यायचं बराबर होतं. उद्या जाऊ आपन. मले माफी मांगाची हाय."

भावजयीनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. बाबांनी भाकरीचे तुकडे केले आणि तसेच ताटात राहू दिले. मी दोन वेळा सांगायला तोंड उघडलं: बाबा, त्यांना तुम्ही आठवत नाही. ते दोन्ही वेळा उद्या काय बोलायचं ते पुटपुटत होते, एखाद्या मुलानं मुलाखतीची तयारी करावी तसं. मी सांगितलं नाही.

रविवार

सकाळच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मूर्तिजापूर आलं तेव्हा त्यांनी काच सरकवली आणि रस्त्याची कड पाहत राहिले. "इथीच कुठीतरी बंद पडली होती," एवढंच म्हणाले.

बंगल्याच्या फाटकात ट्रक उभा होता, मागची फळी उतरवून लाकडी घसरण लावलेली. नागपूरचे गृहस्थ गाडीभोवती मोबाइल घेऊन फिरत होते. डॉक्टर आवारात खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला पाहून उठायचा प्रयत्न करू लागले.

"या, या. बघा, हिनं काल मला मोर्शीपर्यंत नेऊन आणलं!"

"हे माझे वडील," मी म्हटलं. "अकोल्याला गाड्यांचं काम करायचे."

"अस्सं! तरीच!" डॉक्टरांचा चेहरा खुलला. "मुलीच्या हातात कला कुठून आली ते आता कळलं. म्हणजे गाडी तुमच्याच हातानं दुरुस्त झाली म्हणायची!"

बाबांनी चपला काढल्या होत्या. हात जोडून उभे होते. रात्रभर जुळवलेलं त्यांना एका वाक्यात सांगता आलं.

"नाई साहेब. मायाच हातानं बिघडली होती."

डॉक्टर मोठ्यानं हसले. नागपूरचे गृहस्थही हसले. "हे आपलं वऱ्हाडी बोलणं बघा," डॉक्टर त्यांना म्हणाले, "बंगलोरला हे मिळायचं नाही." त्यांनी बाबांच्या खांद्यावर थोपटलं.

"साहेब, तो मिस्त्री मी," बाबा पुन्हा म्हणाले.

"हो, हो. बसा ना तुम्ही. अनघा, चहा आण गं यांना."

गाडी सुरू झाली. त्या आवाजाकडे डॉक्टरांची मान वळली आणि ते पुन्हा आमच्याकडे वळले नाहीत. गाडी घसरणीवरून हळूहळू ट्रकमध्ये चढली. एकदाही अडखळली नाही.

बाबा माझ्याजवळ सरकले. हात अजून जोडलेलेच होते.

"त्यायले आठवत नाई?"

"नाई बाबा."

"तुले मालूम होतं?"

"हो."

ते ट्रककडे पाहत राहिले. फळी वर उचलून साखळी लावल्याचा आवाज आला.

"मंग आता मी कोनाले सांगू?" ते म्हणाले.

अनघाताईंनी चहा आणला. खुर्च्या आत खोक्यांवर रचलेल्या होत्या, म्हणून आम्ही तो उभ्यानंच प्यालो.